उन्हाळी काकडी: तापत्या जमिनीत वेल कसा टिकवावा

मराठवाड्यात आणि विदर्भात मार्च सरता सरता पारा चाळिशीकडे जातो आणि दुपारी काकडीच्या वेलाची पाने मलूल होऊन लोंबली की घरातले कोणीतरी लगेच बादली उचलते. वेल संध्याकाळी आपोआप सावरत असेल, तर त्या पाण्याची काहीच गरज नसते. मोठ्या पानांतून पाणी जितक्या वेगाने उडते तितक्या वेगाने मुळांना ते पुरवता येत नाही, एवढाच त्या मलूलपणाचा अर्थ. सकाळीही पाने लोंबलेलीच असतील तर मात्र बुंध्यापासून वीतभर अंतरावर मातीत बोट खुपसून पाहावे. माती कोरडी लागली तर पाणी द्यावे, चिकट आणि गार लागली तर मुळे गुदमरत आहेत असे समजून हात आवरावा.

काकडीची बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या थरातच पसरतात, त्यामुळे उन्हाळ्याची खरी तयारी पेरणीआधी तीन-चार आठवडे मातीत करावी लागते. जागा सुमारे 30 सेंमी खोल खणून ढेकळे फोडावीत आणि प्रत्येक आळ्यात दोन घमेली पूर्ण कुजलेले शेणखत व मूठभर निंबोळी पेंड मिसळावी. शेणखताला शेणाचा वास येत असेल, तर ते अजून तयार झालेले नाही. असे कच्चे खत आळ्यात उष्णता धरते आणि मुळे खाणाऱ्या हुमणी अळीलाही आमंत्रण देते. काळी माती ओल चांगली धरते, पण वाळली की भेगाळते आणि भेगेबरोबर बारीक मुळे तुटतात, म्हणून तिथे गादीवाफा, म्हणजे उंच वाफा, करून खताचे प्रमाण वाढवावे. मुरमाड जमिनीत पाणी थांबत नाही. उपाय मात्र तोच, भरपूर शेणखत. ओलसर माती मुठीत दाबली असता गोळा व्हावा आणि अंगठ्याने टोचताच तो सुटावा, इतकी ती भुसभुशीत हवी. मातीचा सामू (pH) 6 ते 7 च्या दरम्यान असल्यास उत्तम.

पेरणी जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत उरकावी, म्हणजे कडक ऊन सुरू होण्याआधी वेलाचा जम बसतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा हिमांगी हा वाण किंवा जुना पुणेरी खिरा घरच्या बागेला पुरेसा आहे. हरितगृहासाठी विकले जाणारे महागडे बियाणे परसात लावण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. दोन ओळींत एक मीटर आणि दोन आळ्यांत अर्धा मीटर अंतर ठेवून प्रत्येक ठिकाणी तीन बिया दोन सेंमी खोल टोकाव्यात आणि रोपांना दोन-तीन खरी पाने आली की सशक्त रोप ठेवून बाकीची उपटण्याऐवजी कात्रीने कापावीत, कारण उपटताना शेजारच्या रोपाची मुळे हलतात.

रोपे वीतभर झाली की आळ्यावर उसाच्या पाचटाचा किंवा वाळल्या गवताचा चार बोटे जाड थर द्यावा, मात्र तो बुंध्याला चिकटू देऊ नये. पाणी सकाळी, बुंध्याशी आणि नेमाने द्यावे. चार दिवस विसरून पाचव्या दिवशी आळे तुडुंब भरणे हे काकडी कडू होण्याचे एक मोठे कारण आहे. ताण पडलेल्या वेलात कडवट द्रव्य वाढते आणि ते देठाकडे व सालीखाली जास्त असते, म्हणून आपल्याकडे देठाची चकती कापून तिथेच घासतात व फेस काढतात. वेल ताटीवर किंवा मांडवावर चढवावेत, म्हणजे फळे पानांच्या सावलीत लोंबतात. पश्चिमेला आधीच मक्याच्या दोन ओळी पेरून ठेवल्या असतील, तर तिरपे ऊन आणि झळ दोन्ही अडतात.

पहिली फुले गळाली म्हणून घाबरू नये, कारण सुरुवातीला बहुधा नर फुलेच येतात. मादी फुलामागे बोटाच्या पेराहून लहान, लवदार काकडी दिसते. अति उष्णतेत आणि नत्र जास्त झाल्यास नर फुलांचे प्रमाण वाढते, त्यामुळे फुले येऊ लागल्यावर नत्र देणाऱ्या युरियाचा मोह टाळावा. मधमाश्या दिसत नसतील तर सकाळी लवकर ताजे नर फूल खुडून त्याचे पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवावेत.

कोवळ्या पानांवरचे लाल भुंगेरे पहाटे सुस्त असतात, तेव्हाच वेचावेत. फळमाशीसाठी क्यूल्युअरचा (नर माश्यांना ओढणाऱ्या गंधद्रव्याचा) सापळा टांगावा आणि किडकी फळे उकिरड्यावर न टाकता खोल पुरावीत. भुरी या पांढऱ्या बुरशीच्या रोगावर गंधक चालते खरे, पण कडक उन्हात काकडीची पाने त्याने करपतात. त्यापेक्षा पांढरे डाग दिसताच ती पाने काढावीत.

पेरणीनंतर साधारण 40 ते 50 दिवसांत तोडा सुरू होतो. एक दिवसाआड सकाळी कात्रीने थोडा देठ ठेवून फळे काढावीत आणि पानांआड पिवळे पडलेले फळ राहिले नाही ना हे वाकून पाहावे, कारण एखादे फळ जून होऊ लागले की वेल बी पोसण्याच्या मागे लागतो आणि नव्या कळ्या कमी होतात.