कापराचं तेल अंगाला लावताना

पुण्यात पाऊस लागला की घराघरांत सर्दी-खोकला सुरू होतो आणि पाठोपाठ ओवा-कापराची पुरचुंडी निघते. तुळशीबागेतून पूजेसाठी आणलेला कापूर मग औषध म्हणूनही वापरला जातो. मोठ्यांची पाठ दुखत असेल, अंगाला खाज सुटली असेल तर कापराने खरंच आराम पडतो. पण तो कातडीतून रक्तात उतरतो, म्हणून माप पाळायलाच हवं.

पूजेचा कापूर अंगाला लावू नका. सगळ्यात बरं म्हणजे केमिस्टकडचं तयार मलम. त्यावरचं कापराचं प्रमाण वाचा, ११ टक्क्यांहून जास्त नको. अमेरिकेच्या औषध प्रशासनाची मर्यादाही तेवढीच आहे. घरीच करायचं तर औषधी प्रतीचा कापूर आणा आणि १०० ग्रॅम खोबरेल तेलाला ३ ग्रॅम घ्या. वजन काट्यावरच करा, वड्या मोजून नको. सगळ्या वड्या सारख्या वजनाच्या नसतात. तेल कोमट झालं की गॅस बंद करा, भांडं शेगडीपासून लांब ठेवा आणि मगच कापूर घाला, कारण तो झटकन पेट घेतो.

पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस थांबा. लाली आली, चुरचुरलं तर तो नाद सोडा. काही झालं नाही तर दुखऱ्या जागी पातळसर लावा, दिवसातून जास्तीत जास्त तीन-चार वेळा. वर पट्टी गुंडाळू नका, शेकूही नका. दोन्हींमुळे कापूर जास्त शोषला जातो. जखम, डोळे, नाकपुड्या टाळा. लावून झाल्यावर हात साबणाने धुवा. आठवड्यात उतार पडला नाही तर डॉक्टरांना दाखवा.

दोन वर्षांखालच्या बाळाला कापूर लावूच नका, आजीने कितीही आग्रह केला तरी. गरोदर बायकांनी आणि फिट येणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. बाळाच्या गळ्यात पुरचुंडीही नको. हाताला लागेल ते बाळ तोंडात घालतं. भीमसेनी कापराचे खडे तर थेट खडीसाखरेसारखे दिसतात. लहान मुलाच्या पोटात एक ग्रॅमभर कापूर गेला तरी जीवावर बेतू शकतं, आणि काही मिनिटांत फिट येऊ शकते. म्हणून डबी देवघराच्या खालच्या खणात न ठेवता वर, कुलपात ठेवा.

मुलाने कापूर खाल्ला असं वाटलं तरी लक्षणांची वाट पाहू नका. उलटी करवू नका, फिटमध्ये तोंडात काही घालू नका. १०८ ला फोन करा आणि दवाखान्यात जाताना कापराचं पाकीट बरोबर न्या.