दाजीपूरला सहकुटुंब जाताना या चुका टाळा

संध्याकाळी मुलांना घेऊन रंकाळ्यावर चक्कर मारायची आपल्या कोल्हापूरकरांना सवय असते. त्याच सवयीने अनेक कुटुंबे राधानगरी अभयारण्यात जातात आणि दिवसभर हिंडूनही गवा दिसला नाही म्हणून हिरमुसून परततात. १९५८ साली दाजीपूरचे जंगल गव्यांसाठी राखीव झाले, १९८५ साली राधानगरीचा परिसर जोडून ३५१.१६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले आणि २०१२ पासून पश्चिम घाटातील जागतिक वारसा स्थळांमध्येही त्याचा समावेश आहे. एवढ्या विस्तारात प्राणी आपल्या सोयीने समोर येत नाहीत, त्यामुळे त्यांच्या वेळा आपणच पाळाव्या लागतात.

सर्वांत मोठी चूक उशिरा निघण्याची. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा मिसळ खाऊन, आजीचे देवदर्शन उरकून साडेनऊला शहर सोडले. कोल्हापूर ते दाजीपूर हे अंतर सुमारे ८० किलोमीटर आहे, आणि गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी अडकली की ते आणखी लांबते. आम्ही पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती. गवे सकाळी आणि उन्हे कलल्यावर चरायला उघड्यावर येतात; दुपारी ते दाट सावलीत रवंथ करत बसतात. त्या दिवशी आम्हाला दिसला तो केवळ गव्याच्या ताज्या शेणाचा एक पो. मुले मात्र त्यातून गोळी वळून नेणारा शेणकिडा बराच वेळ न्याहाळत बसली, आणि खरे सांगायचे तर त्या सहलीतले तेच एक दर्शन त्यांच्या लक्षात राहिले आहे. शक्य असल्यास आदल्या रात्री राधानगरी किंवा दाजीपुरात मुक्काम करावा. ते जमत नसेल, तर पहाटे पाचच्या आत घर सोडावे आणि नाश्त्याचे डबे सोबत घ्यावेत.

दुसरी चूक हंगामाची. पावसाळ्यात अभयारण्य पर्यटकांसाठी बंद असते, तरीही जुलैत भर पावसात प्रवेशद्वारापर्यंत येऊन परत फिरणाऱ्या गाड्या दर वर्षी दिसतात. निघण्यापूर्वी वनविभागाकडे फोनवर चौकशी केली, तर ही फेरी वाचते. त्या दिवसांत राऊतवाडीचा धबधबा आणि राजर्षी शाहू महाराजांनी उभारणीस प्रारंभ केलेले राधानगरी धरण पाहता येते, परंतु तेथे वेगळी काळजी घ्यावी लागते. ८.३६ टीएमसी क्षमतेच्या या धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत, म्हणजे पाणी ठरावीक पातळीला पोहोचले की दरवाजा आपोआप उघडतो आणि एकेका दरवाजातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट, पाणी भोगावती नदीत येते. म्हणून पावसाने उसंत घेतली आहे, पात्रातले खडक उघडे दिसत आहेत, असे पाहून मुलांना धरणाखालच्या पात्रात फोटोसाठी उतरवणे हा शुद्ध वेडेपणा आहे.

आतल्या कच्च्या रस्त्यावर घरची बुटकी मोटार नेऊ नये. स्थानिक जीप आणि सोबत वाटाड्या घ्यावा. मोबाइलच्या रेंजचा भरवसा नसल्यामुळे रोख पैसे जवळ ठेवावेत आणि परतण्याची वेळ घरी सांगून निघावे.

खाण्याची चूक आमच्याकडूनही झाली आहे. सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचे कातळाचे पठार, पाहायला थांबलो असता मुलीने भडंगाचे पाकीट फोडले, आणि त्या कुरकुर आवाजासरशी एक माकड झाडावरून उतरून थेट तिच्या मांडीपाशी आले. अशा वेळी पाकिटाची ओढाताण करू नये. ते सोडून द्यावे, मुलाला जवळ घ्यावे आणि माकडाच्या डोळ्याला डोळा न भिडवता मागे सरावे. खाऊ घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवला, तर मुळात हा प्रसंगच येत नाही.

गवा समोर आल्यावर होणारी चूक मात्र महागात पडू शकते. मोठा नर सहज ८०० किलोंच्या पुढे भरतो, पण गुडघ्यांखालचे पांढरे मोजे आणि संथ चाल पाहून लोकांना तो गोठ्यातल्या रेड्यासारखा गरीब वाटतो. बिथरलेला नर पुष्कळदा आडवा उभा राहतो, पाठीचा उंचवटा दाखवतो आणि मान खाली घालतो. हौशी मंडळींना वाटते की तो फोटोसाठी थांबला आहे, आणि ती जीपमधून एक पाय खाली टाकतात. वास्तविक तो आपला आकार दाखवून दूर राहण्याची ताकीद देत असतो. त्यापाठोपाठ येणारा फुस्कारा ही पुढची ताकीद असते. गाडीत असाल तर हॉर्न न वाजवता, इंजिन बंद करून तो जाईपर्यंत थांबावे. पायी असाल तर पळू नये. मुलांना मागे घेऊन हळूहळू जाड बुंध्याच्या आडोशाला जावे. कळपात वासरू असेल, तर अंतर आणखी वाढवावे.

मे महिन्याच्या अखेरीस राधानगरी परिसरात काजवे पाहायला जाणारेही आता खूप आहेत. तेथे प्रत्येकाच्या हातातला मोबाइलचा टॉर्च हीच अडचण ठरते, कारण नर-मादी एकमेकांना प्रकाशानेच खुणावतात आणि आपल्या उजेडात त्या खुणा हरवतात. पायवाट दिसण्यापुरता एकच टॉर्च ठेवावा, त्यावर पतंगाचा लाल कागद रबराने बांधावा आणि तो जमिनीकडे धरावा. डोळे अंधाराला सरावायला वीसेक मिनिटे लागतात. तेवढा वेळ मुलांना एका जागी बसवण्याचे काम आमच्या घरी आजीकडे असते, आणि तिची गोष्ट संपेपर्यंत समोरचे झाड लुकलुकू लागलेले असते.