काळं पडेपर्यंत थांबू नका: त्वचेतल्या गुठळ्यांबाबत या चुका टाळा

त्वचेच्या बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊन कातडी मरते, असे आजार दुर्मिळ आहेत. धडगावपासून रावेरपर्यंत बहुतेक घरांना ते कधीच दिसणार नाहीत. पण ज्या घरात होतात, तिथे हाताशी काही तासच असतात, आणि ते गैरसमजात निघून जातात. याचंच मला फार वाईट वाटतं.

रक्त गोठवणारे घटक आणि गुठळीला आवर घालणारे घटक शरीरात सोबतच असतात. आवर घालणाऱ्यांत प्रोटीन सी आणि त्याचं सोबती प्रोटीन एस महत्त्वाचं. ते कमी पडलं की सूक्ष्म वाहिन्या बंद होत जातात. ठिबकच्या नळीची तोंडं क्षारांनी बुजली की मोटार चालू असूनही केळी वाळते, तसंच इथे होतं. मोठ्या धमन्या मोकळ्या, नाडी लागते, तरी कातडीचा तुकडा मरतो.

काळा डाग दिसल्यावर बघू, असं म्हणणं

काळा रंग शेवटी येतो. त्याआधी बहुधा न सोसणारी कळ येते, मग लाली, मग जांभळे चट्टे, त्यावर रक्ताचे फोड. चट्ट्यावर काचेचा पारदर्शक पेला दाबा. रंग जात नसेल तर रक्त वाहिनीबाहेर आलेलं आहे. पेनाने चट्ट्याची कड आखा, शेजारी वेळ लिहा आणि लगेच निघा. कड वाढली का, हे डॉक्टरांना त्यावरून कळतं. शेक, मालिश, हळदीचा लेप यांतलं काही करू नका.

रक्त पातळ करणाऱ्या गोळीशी खेळणं

हृदयाची झडप बदललेल्यांना किंवा पायाच्या नसेत गुठळी झालेल्यांना वॉर्फरिन किंवा अ‍ॅसिट्रॉम देतात. या गोळ्या व्हिटॅमिन केचं काम अडवतात. त्यामुळे गोठवणारे २, ७, ९ आणि १० हे घटक कमी होतात, पण प्रोटीन सी आणि एससुद्धा कमी होतात. प्रोटीन सी निम्मं व्हायला साधारण ८ तास लागतात, घटक २ ला सुमारे ६० तास. म्हणजे सुरुवातीचे काही दिवस आवर घालणारं संपलेलं आणि गोठवणारं अजून शिल्लक. ज्यांच्यात प्रोटीन सी जन्मतःच कमी, त्यांना धोका जास्त. बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी मांडी, नितंब, पोट किंवा स्तन अशा चरबीच्या जागी कळ उठते आणि कातडी काळी पडते. असं १०,००० पैकी १ ते १० जणांना होतं.

म्हणूनच सुरुवातीला हेपारिन या रक्त पातळ करणाऱ्या दुसऱ्या औषधाची इंजेक्शनं किमान ५ दिवस सोबत चालवतात आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीचा आकडा) ठरलेल्या पातळीवर आल्यावरच थांबवतात. ‘सुया पुरे झाल्या, गोळी चालूच आहे’ म्हणून इंजेक्शनं मध्येच बंद करू नका. चुकलेल्या गोळीची भरपाई दुसऱ्या दिवशी दोन घेऊन करू नका. आणि वर्षानुवर्षं गोळी नीट चालत असेल, तर हे वाचून घाबरून सोडू तर मुळीच नका. कृत्रिम झडपेवर गुठळी बसली तर जीव जातो.

बाळाच्या डागाला बिब्ब्याचा डाग समजणं

आई-वडील दोघांकडून दोष आला तर बाळात प्रोटीन सी जवळजवळ नसतंच. जन्मानंतर बहुधा पहिल्या ३ दिवसांत, दाब पडतो किंवा सुई टोचते तिथे जांभळे डाग उठतात आणि काळे होतात. नात्यात लग्न झालेल्या घरात ही शक्यता वाढते. आपल्याकडे बिब्बा लावण्याची चाल असल्याने ‘बिब्बा उतला’ म्हणून दिवस काढले जातात. उपचार आहे: ताजा प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग, अतिथंड करून साठवलेला) किंवा प्रोटीन सीचं औषध. आधीचं मूल असंच गेलं असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

तापासोबतचे चट्टे म्हणजे ‘माता’ किंवा डेंग्यूच

‘काही नही, बरं व्हई जाई’ इथे चालत नाही. मेंदूज्वराच्या मेनिंगोकॉकस जंतूमुळे रक्तवाहिनीच्या अस्तराला इजा होते. प्रोटीन सीला कामाला लावणारा थ्रॉम्बोमोड्युलिन याच अस्तरावर असतो, तोच नाहीसा होतो. गुठळ्यांत प्लेटलेट खर्ची पडतात, म्हणून एकाच वेळी गोठणंही आणि रक्तस्रावही. नुसता प्लेटलेटचा कमी आकडा पाहून डेंग्यू ठरवला तर हे निसटतं.

गोचीड चावल्याने होणारा ठिपक्यांचा तापही असंच करू शकतो. त्यात तळहात-तळपायांवरही पुरळ येतं. ढोरांच्या गोठ्यात काम केलं असेल किंवा सातपुड्यात फिरणं झालं असेल तर डॉक्टरांनी विचारण्याआधी सांगा, कारण डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक लवकर सुरू झालं तर फरक पडतो.

कांजिण्या बऱ्या होऊन आठवडा-दोन आठवड्यांत मुलाचे पाय जांभळे पडले, तर शरीराने प्रोटीन एसविरुद्ध प्रतिपिंडं तयार केलेली असू शकतात.

डायलिसिसवरच्या माणसाच्या मांडीवर किंवा पोटावर अतिशय दुखणारी कडक गाठ किंवा जाळीदार जांभळेपणा आला तर ती गळू समजून दाबू नका, फोडू नका. तिथे बारीक धमन्यांत कॅल्शियम साचलेलं असतं आणि वॉर्फरिनने हा धोका वाढतो, म्हणून ती गोळी चालू असल्यास किडनीच्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा.

१०८ बोलावली की सोबत गोळ्यांची पाकिटं, आयएनआरची वही आणि चट्टा प्रथम दिसल्याची वेळ घ्या. प्रोटीन सीच्या तपासणीचं रक्त प्लाझ्मा देण्याआधी काढता आलं तर उत्तम, पण त्यासाठी उपचार थांबवायचे नाहीत.