उन्हाळी आवर्तनात बेबी कालव्याचं पाणी तपासून घ्या

पुण्यातल्या मुंढव्याच्या बंधाऱ्यावरून उचललेलं पाणी जुन्या मुठा उजव्या कालव्यातून, म्हणजे आपल्या बेबी कालव्यातून, हवेली आणि दौंड तालुक्यांत येतं. पुणे महापालिकेनं दर वर्षी साडेसहा टीएमसी (अब्ज घनफूट) सांडपाणी प्रक्रिया करून शेतीसाठी द्यायचं, असं पाटबंधारे खात्याशी ठरलेलं आहे. पावसाळ्यात नदीला पूर असतो तेव्हा पाण्याचा दर्जा फारसा जाणवत नाही. फेब्रुवारीनंतर मात्र पात्रात जे वाहतं ते बहुतेक शहरातूनच आलेलं असतं, म्हणून तपासणीची तयारी आताच करा.

'मैलापाणी प्रकल्पाचा अहवाल चांगला आहे' असं कुणी सांगितलं तर आधी एकच विचारा : नमुना कुठला? केंद्राच्या २०१७च्या अधिसूचनेत महानगरांसाठी बीओडीची (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजायला लागणाऱ्या ऑक्सिजनची) मर्यादा लिटरला २० मिलिग्रॅम आहे. राष्ट्रीय हरित लवादानं एप्रिल २०१९मध्ये ती १०वर आणायला सांगितलं. दोन्ही आकडे प्रकल्पातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे. मुंढव्याचा पंप मात्र नदीतून पाणी उचलतो आणि तिथं प्रक्रिया न झालेले नालेही मिसळलेले असतात. अहवाल खरा आणि पाणी खराब, हे दोन्ही एकाच दिवशी होऊ शकतं. त्यामुळे प्रदूषण नियंत्रण मंडळ मुळा-मुठेच्या पाण्याचे आकडे संकेतस्थळावर टाकतं ते बघा, पण पिकाचा निर्णय स्वतःच्या शेताला पाणी येतं तिथल्या नमुन्यावर घ्या.

नमुना आवर्तन सुरू झाल्यावर, म्हणजे कालव्याला पाणी सुटल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घ्या, कारण पहिल्या लोंढ्यात कालव्यातला साचलेला गाळ येतो. लिटरभराची स्वच्छ प्लॅस्टिक बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा आणि प्रवाहाच्या मधोमध धरून काठोकाठ भरा. चिठ्ठीवर गट नंबर, तारीख, पीक लिहा आणि बाटली त्याच दिवशी माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेत पोचवा. जंतूंची तपासणी हवी असेल तर निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच घ्यावी लागते आणि ती बर्फात ठेवून न्यावी लागते. बीओडीची चाचणीच तीन दिवसांची असते, तेव्हा दुसऱ्या दिवशी अहवाल मागू नका.

अहवालात आधी क्षारता पाहा. मीटरला ०.७ डेसिसायमनपर्यंत (क्षारता मोजायचं एकक) काळजी नाही, ३च्या वर गेलं तर ते पाणी टाळलेलंच बरं. मधल्या पट्ट्यात पीक आणि निचरा बघून ठरवा. आपल्याकडच्या काळ्या जमिनीत सोडिअम जास्त नडतं. अवशिष्ट सोडिअम कार्बोनेट लिटरला २.५ मिलिइक्विव्हॅलंटच्या वर असेल तर जिप्सम किती टाकायचं ते माती तपासूनच ठरवा, शेजाऱ्यानं टाकलं म्हणून टाकू नका.

नत्राचा आकडा बरेच जण वाचतच नाहीत आणि नुकसान तिथंच होतं. पाण्यात लिटरला १० मिलिग्रॅम नत्र असेल तर सहा सेंटिमीटर पाण्याच्या एका पाळीत एकरी सुमारे २.४ किलो नत्र जातं. दहा पाळ्यांत २४ किलो, म्हणजे युरियाची एक गोणी आणि वर थोडं. तेवढी मात्रा खतातून कमी करा. नाहीतर कांद्याची मान जाड होते आणि तो चाळीत सडतो; ऊस माजतो, लोळतो आणि साखरेचा उतारा पडतो.

ठिबकवाल्यांनी वाळूची गाळणी आणि त्यापुढे डिस्क गाळणी, दोन्ही बसवावीत. एकीवर भागत नाही. शेवाळासाठी सोडिअम हायपोक्लोराइट वापरा. ब्लीचिंग पावडर सोडलीत तर तिच्यातल्या चुन्यानं ड्रीपर बंद पडतात. क्लोरीन आणि आम्ल कधीही एकत्र सोडू नका, विषारी वायू तयार होतो.

कोथिंबीर, मुळा, गाजर, काकडी असा कच्चा खाल्ला जाणारा माल या पाण्यावर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. घेतलाच, तर काढणीआधीचा शेवटचा आठवडा विहिरीचं पाणी द्या. आणि कालव्यावर बसून जुड्या धुणं बंद करा. शेतात पाणी नीट सांभाळलं तरी मार्केट यार्डात जाणारा माल त्या एका धुण्यानं दूषित होतो. पाणी धरणाऱ्याला गमबूट द्या. कालव्यालगतच्या विहिरीचं पाणी घरात पीत असाल तर नायट्रेट आणि जंतू, दोन्हींची तपासणी करून घ्या.

फेस आला, वास सुटला, मासे मेले, तर फोटो आणि वेळ नोंदवून ठेवा, पण स्वतः भरलेल्या बाटलीवर कारवाई होईल अशी आशा धरू नका. १९७४च्या जल कायद्याच्या कलम २१ प्रमाणे कायदेशीर नमुना मंडळाच्या अधिकाऱ्यानं नोटीस देऊन घ्यावा लागतो. त्याचे दोन भाग करून दोन्हींवर मोहोर आणि सह्या लागतात. म्हणून पाणी वाहून जायच्या आत मंडळाच्या कार्यालयात आणि पाटबंधारे शाखेत लेखी अर्ज द्या, नमुना घ्यायला या असं त्यात स्पष्ट लिहा आणि पोच घ्या. प्रकल्पाचे मासिक अहवाल माहितीच्या अधिकारातही मागता येतात. त्याला तीस दिवसांची मुदत असते, म्हणून तो अर्ज आवर्तन सुटण्याआधीच टाका.