पंपाच्या ऑटोमेशनला कार्यालयाचा संगणक जोडताना
पेट्रोल पंपाच्या कार्यालयातील हिशेबाचा संगणक ऑटोमेशनच्या स्विचला (यंत्रांच्या नेटवर्क केबल एकत्र जोडणाऱ्या पेटीला) जोडण्यापूर्वी फोरकोर्ट कंट्रोलरचा (इंधन देणाऱ्या यंत्रांवर नियंत्रण ठेवणाऱ्या उपकरणाचा) आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरील त्याचा क्रमांक, देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञाकडून लिहून घ्यावा. तो समजा १९२.१६८.१.१० आणि सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० असेल, तर संगणकाला त्याच मालिकेतील (म्हणजे पहिले तीन आकडे तेच असलेला), परंतु टाकीची पातळी मोजणाऱ्या यंत्रणेला किंवा प्रिंटरला आधीच न दिलेला, कायमचा पत्ता हाताने भरावा.

खरी गफलत होते ती इंटरनेटपाशी. इंटरनेटसाठी संगणकात दुसरे नेटवर्क कार्ड बसवावे, त्याची पत्त्यांची मालिका वेगळी ठेवावी आणि डिफॉल्ट गेटवे (नेटवर्कबाहेर जाण्याच्या वाटेचा पत्ता) केवळ त्याच कार्डावर भरून पंपाकडील कार्डाचा तो रकाना रिकामा सोडावा. दोन्हीकडे गेटवे भरल्यास इंटरनेट अधूनमधून बंद पडते आणि खापर विनाकारण इंटरनेट पुरवणाऱ्यावर फोडले जाते. विंडोजमध्ये ही दोन कार्डे ‘ब्रिज’ करू नयेत, म्हणजे जोडून एकच नेटवर्क बनवू नये, कारण मग वेगळेपणाच उरत नाही. कार्डाने पैसे घेणारी यंत्रे तर या दोन्ही नेटवर्कांपासून अलगच असावीत.

घरचा जुना वायफाय राउटर स्विचला लावण्याचा मोह टाळावा, कारण तो परस्पर पत्ते वाटू लागतो. पिंगला (जोडणी तपासण्यासाठी पाठवलेल्या चाचणी-संदेशाला) उत्तर मिळूनही विक्रीचे आकडे येत नसतील, तर आधी फायरवॉल (नको ती जोडणी अडवणारी सुरक्षा-व्यवस्था) तपासावी.