‘ध चा मा करणे’ : हा वाक्प्रचार वापरताना या चुका टाळा

दुसऱ्याच्या लिहिण्या-बोलण्यात परस्पर ढवळाढवळ करून त्याचा अर्थच फिरवणे, यासाठी मराठीत ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार रूढ आहे. तो सर्रास वापरला जातो, पण पुष्कळदा भलत्याच ठिकाणी.

पहिली चूक लेखनातली. अनेक जण ‘ध चा म’ असे लिहितात. या वाक्प्रचारामागच्या पेशवेकालीन कथेत हुकुमातल्या ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले. म्हणजे ‘ध’ जाऊन त्या जागी कान्यासह ‘मा’ आला आणि पुढचे ‘रावे’ जसेच्या तसे राहिले. काना गाळला तर शब्द ‘मरावे’ होतो आणि मारण्याची आज्ञाच उरत नाही.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे, ती म्हणजे आख्यायिका सिद्ध इतिहास म्हणून सांगणे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात गारद्यांनी (पगारी पहारेकरी सैनिकांनी) नारायणराव पेशव्यांचा खून केला आणि पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी त्याबद्दल नारायणरावांचे चुलते रघुनाथराव यांना दोषी धरले, हे सर्वमान्य आहे. रघुनाथरावांनी पुतण्याला धरण्याचाच हुकूम दिला होता, पण त्यातले अक्षर मागाहून बदलले गेले, ही हकिगत ब्रिटिश इतिहासकार ग्रँट डफ यांच्या १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या इतिहासात येते. मात्र तो बदल रघुनाथरावांच्या पत्नी आनंदीबाईंनी केला, हे तेथेही लोकांची समजूत म्हणूनच नोंदवलेले आहे. म्हणून ‘आनंदीबाईंनी ध चा मा केला, असे सांगितले जाते’ एवढेच लिहावे. वाक्प्रचार तोंडी बसला म्हणून एका स्त्रीवर खुनाचा ठपका बिनदिक्कत ठेवत राहणे अन्यायाचे आहे.

छपाईतल्या किंवा टंकलेखनातल्या साध्या चुकीलाही हल्ली ‘ध चा मा’ म्हटले जाते. तेही टाळावे, कारण या वाक्प्रचारात हेतू गृहीत आहे. सोसायटीच्या सभेत ‘दुरुस्तीचा प्रस्ताव तहकूब ठेवावा’ असे ठरले असताना इतिवृत्त लिहिणाऱ्याने जाणूनबुजून ‘कायम ठेवावा’ असे लिहिले, तर तो ध चा मा. घाईत ‘प्रस्ताव’चा ‘प्रस्थाव’ झाला, तर ते केवळ अशुद्धलेखन.

शेजारच्या वाक्प्रचारांशीही गल्लत होते. न विचारता दुसऱ्याच्या कारभारात शिरणे म्हणजे नाक खुपसणे, दोघांत भांडण लावून देणे म्हणजे काड्या घालणे, आणि क्षुल्लक गोष्ट फुगवून सांगणे म्हणजे राईचा पर्वत करणे. यांपैकी कशातही दुसऱ्याचा शब्द बदलावाच लागतो असे नाही. तेव्हा शंका आली की मूळ शब्द कोणाचा होता, तो कोणी मुद्दाम बदलला आणि त्यामुळे अर्थ फिरला का, हे पाहावे. तिन्हींची उत्तरे मिळाली तरच ‘ध चा मा’ लिहावे, एरवी ‘ढवळाढवळ’ किंवा ‘लुडबुड’ हे शब्द पुरेसे आहेत.