वाकून बघा, मग पैसे द्या

टोरांटो, ब्रॅम्प्टन, मिसिसॉगा या पट्ट्यात काही हिवाळे काढले की ऑफिसातलं कुणीतरी विचारतंच, "आमच्या टीममध्ये एक जण कमी पडतोय, येतोस का?" चाळिशीत आइस हॉकीला हो म्हणणं एकवेळ सोपं, पण सामानाच्या दुकानात शिरल्यावर भल्याभल्यांची भंबेरी उडते. म्हणून ही यादी दुकानात जायच्या आधी वाचायची. सगळीकडे एकच गोष्ट लक्षात ठेवायची: हा खेळ गुडघे वाकवून खेळतात. आरशासमोर ताठ उभं राहून जे मापात वाटतं, ते वाकल्यावरही मापात आहे का, एवढंच बघायचं.

सुरुवात स्केट्सपासून. पैसे आणि वेळ दोन्ही इथेच जास्त घालवायचे. नंबर सांगताना घोटाळा होतो, कारण भारतातून आणलेल्या बुटांवर बहुतेक वेळा यूकेचा आकडा असतो आणि इथे चालतो अमेरिकन. त्यात हॉकीचे स्केट्स नेहमीच्या अमेरिकन नंबरपेक्षा एक ते दीड नंबर लहान लागतात. म्हणजे यूके आठ घालणारा इथे साधारण नऊ नंबरचा बूट घेतो आणि स्केट्स साडेसात-आठचे. लहान वाटतात म्हणून मोठे मागू नका. पातळ मोजे घाला, टाच मागे आपटून बसवा, नाडी बांधा आणि उभे राहा. अंगठ्याचं टोक पुढच्या कडक भागाला जेमतेम शिवलं पाहिजे. आता गुडघे वाकवा. बोटं किंचित मागे सरली आणि टाच जागची हलली नाही, तर माप बरोबर आहे. मग नाडी सैल करून बुटाची जीभ पुढे ओढा आणि नाडीच्या वरच्या भोकांच्या ओळींवर पेन्सिल आडवी ठेवा. पेन्सिल पायाला टेकून एका बाजूने उचलली जात असेल, तर तो बूट तुमच्या पायासाठी उथळ आहे. तो घेतलात तर घोट्यापुढे नाडी अशी रुतेल की पहिल्या दहा मिनिटांत बाहेर येऊन बसाल. बॉअर आणि सीसीएम या स्केट्सच्या दोन्ही कंपन्या एकाच नंबरात अरुंद, मध्यम, रुंद असे साचे काढतात. आपल्याकडे चपला वापरून पंजा पसरलेला असतो, तेव्हा रुंद साचा मागायला विसरू नका.

स्केट्स घालून दुकानातच पंधरा-वीस मिनिटं बसा, उठा, फिरा. तोवर दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे. बूट ओव्हनमध्ये गरम करून पायावर बसवून देतात, त्याने दाबणाऱ्या जागा नरम होतात, पण चुकीचा नंबर त्याने बरोबर होत नाही. गरम केल्यावर एक दिवस बर्फावर जाऊ नये. आणि नव्या पात्याला सहसा धार नसते, ती लावून घ्यावी लागते. "किती खोल?" असं विचारतील, तेव्हा अर्धा इंच सांगा. वजन जास्त असेल आणि पाय अडकल्यासारखा वाटला तर पुढच्या वेळी पाच-अष्टमांश. हा आकडा पात्याच्या तळातल्या खोबणीच्या गोलाईच्या त्रिज्येचा, म्हणून तो लहान तितकी खोबण खोल, आणि पकड जास्त. धार बघायला पात्यावर नाणं आडवं ठेवा, ते तिरकं दिसलं तर एक कड उंच राहिली आहे. परत द्या.

हेल्मेट सेकंडहँड घ्यायचं नाही, भाऊ देत असला तरी. आत सीएसएचं, म्हणजे कॅनडातल्या सुरक्षा-प्रमाणपत्राचं, लेबल हवं. भुवईच्या वर एक बोटभर जागा ठेवून बसवा, पट्टा लावा आणि मान जोरात हलवा. कातडी हेल्मेटबरोबर सरकली पाहिजे, हेल्मेट कातडीवरून नाही. पुढे पूर्ण जाळी घ्या. अर्धी काच रुबाबदार दिसते, पण सोमवारी मीटिंगला दात लागतात. चष्मा असेल तर दुकानातच चष्म्यासकट घालून बघा. जाळीतून हवा खेळते, त्यामुळे काच कमी धूसर होते.

गळपट्टा मोठ्यांच्या मनोरंजनाच्या खेळात बऱ्याच ठिकाणी ऐच्छिक असतो, मी मात्र तो हेल्मेटच्या पंक्तीत बसवतो. 28 ऑक्टोबर 2023 ला इंग्लंडमध्ये शेफील्डला चालू सामन्यात अ‍ॅडम जॉन्सन हा खेळाडू मानेला स्केटचं पातं लागून दगावला, आणि तो व्यावसायिक होता. आपल्यासारखे धडपडणारे पाय तर कुठेही जातात.

बाकीचं चिलखत जुनं चालतं. प्ले इट अगेन स्पोर्ट्ससारखी जुन्या सामानाची दुकानं आहेत, जुन्या वस्तूंच्या जाहिरातींची किजिजी ही वेबसाइट आहे. वेल्क्रो धरतंय का, प्लास्टिकला तडा नाही ना, ग्लोव्हजच्या तळव्याला भोक नाही ना, एवढं बघा. नडगीचे पॅड स्केट्स घालून मापा: गुडघ्याची वाटी पॅडच्या वाटीत मधोमध, आणि खालचं टोक घोटा वाकताना टोचता कामा नये. हॉकी पँट घालून दुकानाच्या फरशीवर सरळ गुडघ्यांवर बसा, लाज सोडा. पँट आणि पॅड यांच्यामध्ये मांडी उघडी पडली तर पँट आखूड आहे. पक म्हणजे जवळपास 170 ग्रॅमचा टणक रबर, तो नेमका तिथेच लागतो. कोपराचा पॅड ग्लोव्हज घालूनच तपासा. हात लांब केल्यावर मनगटापाशी फट नको. खांद्याचा पॅड हलका घेतलात तरी चालेल, मोठ्यांच्या बहुतेक लीगमध्ये धडक मारायला बंदी असते. लंगोट (जांघेचं कवच असलेला, इथे त्याला जॉक म्हणतात) वेल्क्रोवाला घ्या, मोजे त्यालाच अडकतात.

आता स्टिक, म्हणजे आपल्या लोकांचं हमखास गोंधळायचं ठिकाण. दुकानदार विचारतो, "लेफ्ट की राइट?" खालचा हात उजवा असेल तर राइट. क्रिकेटमध्ये उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा हात वर असतो. मैदानी हॉकीच्या स्टिक तर एकाच घडणीच्या, त्यांतही डावा हात वर. म्हणजे लहानपणापासून बॅट धरलेला माणूस आपोआप राइट निघतो. कॅनडात मात्र उजव्या हाताचे पुष्कळ जण जोरकस हात वर ठेवायला शिकतात आणि लेफ्ट खेळतात, त्यामुळे सल्लाही तसाच मिळतो. माझं मत विचाराल तर, हाताला क्रिकेटची सवय मुरलेली असेल तर राइटच घ्या, चाळिशीत हात उलटे करत बसू नका. बॅट कधी धरलीच नसेल तर दोन्ही धरून बघा. वरच्या एका हाताने स्टिक पुढे लांब सारून परत ओढता येते का, हे बघून ठरवा.

स्टिकच्या लवचिकतेचा आकडा (फ्लेक्स) ढोबळमानाने वजनाच्या पौंडांच्या निम्मा. सत्तर किलो म्हणजे सुमारे 154 पौंड, तर 75-77 च्या आसपासची स्टिक. साध्या बुटात नाकापर्यंत, स्केट्सवर हनुवटीपर्यंत उंची. वरून कापलीत की स्टिक ताठ होते, हे धरून चाला. पहिली स्वस्तातली घ्या, तिचा वाक आवडतो की नाही हे खेळल्याशिवाय कळत नाही.

मैदान गाठायच्या आधी एका संध्याकाळी घरी पूर्ण वेष चढवा: लंगोट, नडगीचे पॅड, मोजे, पँट, स्केट्स, गळपट्टा, खांदा, कोपर, जर्सी, हेल्मेट, शेवटी ग्लोव्हज. पात्यांवर कव्हर घालून गालिच्यावर आडवे व्हा आणि हात न टेकता उठून बघा. काय टोचतं, काय सरकतं ते इथेच कळेल. बॅगेत दोन टेप हव्यात, स्टिकला कापडी आणि मोज्यांवर पारदर्शक. शिवाय जादा नाडी आणि जाळीच्या स्क्रूसाठी छोटा स्क्रूड्रायव्हर. पहिल्यांदा सार्वजनिक स्केटिंगला जाताना स्टिक घरी ठेवा, तिथे ती चालत नाही. पुढे स्टिक-अँड-पकच्या, म्हणजे स्टिक आणि पक घेऊन मोकळा सराव करायच्या, वेळा शोधा. घरी आल्यावर बॅग गाडीच्या डिकीत सोडू नका. सगळं बेसमेंटमध्ये वाळत घाला, पाती कोरडी पुसून कापडी कव्हर चढवा. प्लास्टिकचं कव्हर चालण्यापुरतं, ओल्या पात्याला त्यात रात्रभर ठेवलं की गंज चढतो.